आजी अन् सून एकाच सतरंजीवर बसणार आहेत, लेकरांच्या सांभाळाबद्दल नेमकं काय सांगू?

सेविका_आर्णी

नमस्कार. पुढच्या आठवड्यात अंगणवाडीत दोन वर्षांखालच्या लेकरांच्या आया आणि आज्या यांची एकत्र सभा ठेवली आहे. गाव कापूस-सोयाबीनचं. निंदण, वेचणीच्या दिवसांत आया सकाळी आठला वावरात जातात आणि सांजच्याला सहाला परत येतात. तोवर लेकरू आजीजवळ. सल्ला मिळतो आईला आणि लेकरू सांभाळते आजी, खरी अडचण इथंच आहे.

आजीचं म्हणणं, "आम्ही पाच-पाच वाढवले, आम्हाला काय शिकवता?" सुनेचं म्हणणं, "मोबाईलवर डॉक्टर वेगळं सांगतात." दोघींचाही जीव लेकरात आहे. मला कोणाला खाली पाडायचं नाही. पण जे धोक्याचं आहे ते कारणासकट सांगायचं आहे, आणि आजीचं जे चांगलं आहे ते सुनेनं टाकू नये हेही सांगायचं आहे.

वाद ज्यावरून होतात त्या गोष्टी अशा: मालिश, शेक-धुरी, गुटी (मुळ्या उगाळून बाळाला चाटवायचं घरगुती औषध), काजळ, सहा महिन्यांनंतरचं खाणं, वॉकर, मोबाईल, आणि मारणं-भेवडावणं. नुसतं "हे करू नका" सांगून चालत नाही, त्याऐवजी काय, किती आणि कसं ते लागतं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निवृत्त_परिचारिका_वरुड

सभा मालिशीपासून सुरू करा. तिथं आजीचं बरोबर आहे. ते तुमच्या तोंडून आधी निघालं की पुढचं ऐकायला ती तयार होते.

मालिशीनं बाळ शांत होतं, झोप चांगली लागते. आणखी एक मोठा फायदा आहे: दिवसातून एकदा कोणीतरी बाळाला उघडं करून नीट बघतं. कावीळ, पुरळ, बेंबीतला पू, जांघेतली सूज हे सगळं तेव्हाच नजरेस पडतं. तीळतेल किंवा खोबरेल घ्यावं, मोहरीचं तेल कोवळ्या कातडीला झोंबतं. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी, चुलीवर धरू नये. दूध पाजल्यावर पाऊण ते एक तास जाऊ द्यावा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. हाताखाली कातडी हलावी, लाल होऊ नये, एवढाच दाब.

सोडायचं ते असं: कणकेचा गोळा फिरवून लव काढणं, नाक ओढून सरळ करणं, पाय धरून उलटं टांगणं, नाका-कानात तेल सोडणं. नाकातलं तेल श्वासाबरोबर फुप्फुसात उतरतं, तिथं साचून राहतं आणि निमोनियासारखा आजार करतं. टाळूवर तेल थापलं तर बिघडत नाही, पण टाळू तेलानं भरत नसते. हाड वाढत जातं आणि साधारण दीड वर्षापर्यंत ती आपोआप मिटते. मात्र जुलाब-उलट्या होणाऱ्या बाळाची टाळू खोल गेलेली दिसली तर अंगातलं पाणी कमी झालेलं असतं. तेव्हा तेलाची वाटी ठेवून द्यायची, अंगावरचं दूध आणि ओआरएस चालू ठेवायचं आणि दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट सभेत जरूर सांगा, कारण ती कोणी विचारत नाही. जन्मानंतर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळाची छाती फुगते, कधी दोन थेंब दूधही दिसतं, मुलगा असो की मुलगी. आईच्या शरीरातल्या संप्रेरकांचा तो परिणाम. ते दूध दाबून काढायची पद्धत अजून आहे आणि त्यातूनच गळू होतो. हात लावला नाही तर काही आठवड्यांत ते आपसूक ओसरतं.

आता शेक आणि धुरी. बाजेखालची शेगडी आली कुठून हे आधी समजून घ्या. कुडाचं घर, पावसाळ्यातली ओल, त्यात वजनानं कमी बाळ. ऊब मिळाली नाही तर असं बाळ दगावायचं. म्हणजे हेतू बरोबर होता, घात करतो तो धूर. ओवा, वावडिंग, बाळंतशोपा निखाऱ्यावर टाकून बाळाला त्यावर धरलं की नवजात फुप्फुसात धूरच जातो. ऊब दुसऱ्या वाटेनं द्यावी: बाळाला फक्त टोपरं आणि लंगोट ठेवून आईच्या उघड्या छातीशी उभं धरायचं, वरून लुगडं किंवा शाल. आई दमली तर आजीही असं धरू शकते, आणि हे काम आज्यांना आवडतं. पहिले २४ तास आंघोळ नाही. बाळ अडीच किलोपेक्षा कमी असेल तर नाळ गळेपर्यंत नुसतं कोमट ओल्या फडक्यानं पुसायचं. नाळेवर हळद, राख, तेल काही लावायचं नाही. कोरडी राहिली की ती लवकर गळते.

बाळाला थंडी वाजते का हे हाताच्या पाठीनं बघायचं. पोट आणि तळपाय दोन्ही उबदार, म्हणजे ठीक. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच दवाखान्यात न्या. ही परीक्षा आजीला शिकवा. एप्रिल-मे मध्ये मात्र शेगडीचं नावच काढू नका. बाहेर ४५ अंश, खोलीत शेगडी आणि बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, अशानं बाळाचं अंग तापतं आणि ताप समजून औषधं सुरू होतात.

गुटीबद्दल वाद जास्त होतो, म्हणून थोडं सविस्तर. वेखंड, जायफळ, हिरडा, बेहडा, मुरुडशेंग, सागरगोटा, काकडशिंगी, सुंठ, बदाम, खारीक, प्रत्येकाचे सहाणेवर दोन-चार वेढे. आजीला गुण येतो असं वाटतं, त्यालाही कारण आहे. बाळाचं रडणं दीड महिन्याच्या आसपास सगळ्यांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांनी आपोआप उतरतं. गुटी नेमकी त्याच काळात चालू असते. शिवाय जायफळानं गुंगी येते. म्हणजे बाळ शांत दिसतं ते पोट दुखायचं थांबलं म्हणूनच असं नाही. वेढे मोजले तरी कुठल्या मुळीत किती अंश उतरला हे कळायला मार्ग नाही. सहाण ओली राहते, त्यावर जंतू वाढतात, आणि मध घालून चाटवलं तर आणखी एक धोका: मधातल्या एका जंतूच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच, जन्मल्यावरचं बोटही नाही. सहा महिने पूर्ण होईपर्यंत अंगावरच्या दुधाशिवाय काही नाही. डॉक्टरांनी लिहिलेलं औषध तेवढं अपवाद.

त्या जागी आजीनं करायचं ते हे: प्रत्येक पाजण्यानंतर खांद्यावर उभं धरून ढेकर काढणं, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखा हात फिरवणं, पाय सायकलीसारखे पोटाकडे मुडपणं. काजळ डोळ्यांत घालू नये. बोट मळकट असतं, काजळात शिसं असू शकतं, आणि अश्रूंची वाट आधीच अरुंद असते. दृष्टीचा तीट लावायचाच असेल तर तळपायाला लावा, त्यावर वाद घालू नका.

आशाताईच्या घरभेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी असतात, बाळंतपण घरी झालं तर पहिल्या दिवशीही. त्या दिवशी आजीला घरात थांबायला सांगा. आणि हेही सांगा की या घरभेटींची पद्धत परगावाहून आलेली नाही. आपल्याच गडचिरोलीच्या खेड्यांत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं, १९९९ साली त्याचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि पुढे देशभर आशांमार्फत ही पद्धत सुरू झाली. बाळ वाचवायचं शास्त्र आपल्याच बायांच्या हातात आलं, हे आजीला कळलं पाहिजे.

"पाच-पाच वाढवले" याला सभेत उत्तर देऊ नका. त्या पिढीत कितीतरी घरांत एक-दोन लेकरं गेलेली असतात आणि त्यांचं नाव कोणी काढत नाही. चार बायांत ती जखम उघडी करू नये.

पर्यवेक्षिका_पुसद

वरच्या ताईंनी पहिले सहा महिने सांगितले, मी पुढचं सांगते. वजन घसरायला लागतं ते इथूनच.

जुन्या पद्धतीत लेकराला उष्टावण होईपर्यंत थांबायचे, कधी मुहूर्त आठव्या-नवव्या महिन्यावर जायचा. नव्या पद्धतीत चौथ्याच महिन्यात डब्यातली पावडर. दोन्ही चूक. १८० दिवस झाले की दुसऱ्या दिवसापासून घास सुरू. उष्टावणाचा कार्यक्रम पुढे कधीही करा, घास थांबवू नका. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि त्यापुढेही चालू.

सगळ्यांत मोठी चूक पातळपणाची. "वरणाचं पाणी देतो" असं आजी अभिमानानं सांगते, पण वाटीभर वरच्या पाण्यात दम काहीच नसतो. लेकराचं एवढंसं पोट पाण्यानं भरतं. सभेत प्रत्यक्ष दाखवा: चमचा तिरपा केला की जे ओघळून पडतं ते बाळासाठी पातळ, जे चमच्यावर टिकतं ते बरोबर. वरणाचं पाणी आणि खालचा गाळ अशा दोन वाट्या शेजारी ठेवा. फार बोलावं लागणार नाही.

२५० मिलीची वाटी धरून माप असं. सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात, हळूहळू अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीन वेळा. नऊ ते अकरा महिने: अर्धी वाटी, तीन-चार वेळा, मध्ये एक-दोनदा केळ किंवा असंच काही. बारा ते तेवीस महिने: पाऊण ते एक वाटी, तीन-चार वेळा, शिवाय मधलं खाणं. हे माप अंगावर पिणाऱ्या बाळाचं.

काय द्यायचं ते घरात आहेच. ज्वारीच्या कण्या रात्री भिजवून तुरीच्या डाळीबरोबर मऊ शिजवायच्या. भंडारा-गोंदियाकडच्या कोणी हे वाचत असेल तर तिथं तांदूळ घ्यावा. वाटीला एक छोटा चमचा तेल किंवा तूप घालायचं, कारण लेकराला कमी जागेत जास्त दम लागतो. मऊ भाकर गरम वरणात कुस्करून, वर पालक किंवा चवळीची भाजी घोटून, लिंबाचे दोन थेंब. लिंबानं भाजीतलं लोह अंगी लागतं. अंडं चालत असलेल्या घरात सातव्या-आठव्या महिन्यापासून पूर्ण उकडलेलं अंडं कुस्करून, आधी चमचाभर, दोन दिवस पुरळ-उलटी नाही ना ते बघून पुढे. मीठ-साखर वर्षाच्या आत नको. नवा पदार्थ एका वेळी एकच. थुंकलं म्हणजे आवडलं नाही असं नसतं. तोच पदार्थ आठ-दहा वेळा समोर आला की बरीच लेकरं घेतात.

वावरात जाणाऱ्या घरांसाठी कोरडं पीठ करून ठेवायला सांगा. दोन वाट्या ज्वारी किंवा तांदूळ, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी शेंगदाणे. प्रत्येक वेगळं भाजायचं, एकत्र भाजलं की डाळ जळते आणि ज्वारी कच्ची राहते. शेंगदाण्याचं साल काढायचं. दळून हवाबंद डब्यात, पंधरा दिवसांपेक्षा जास्त नाही, कारण शेंगदाण्यामुळे खवट होतं. तीन मोठे चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग सात-आठ मिनिटं शिजवायचं. शिजवलेलं दोन तासांच्या आत संपवायचं. सकाळचं झाकून दुपारी भरवलं की उन्हाळ्यात जुलाब ठरलेले.

चहा-बिस्कीट हा आजचा मोठा शत्रू. आजी स्वतः पिते, लेकराला बशीत बुडवून देते. चहा जेवणातल्या लोहाची वाट अडवतो, बिस्कीट भूक मारतं. पाच रुपयांच्या पुड्यांचंही तसंच. आजीला म्हणा, चहा तुम्ही प्या, लेकराच्या हातात भाकरीचा कडक तुकडा नको, मऊ पोळीचा पापुद्रा द्या.

आणि दंडाची पट्टी सभेत न्या. सहा महिन्यांच्या पुढच्या प्रत्येक लेकराचा दंड आजीच्या हातानं मोजा. ११.५ सेंटिमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण; १२.५ पर्यंत पिवळा, म्हणजे मध्यम; वर हिरवा, म्हणजे ठीक. "अंगानं बारीकच आहे, बापावर गेलं" हे वाक्य पिवळ्या पट्टीपुढे टिकत नाही.

सेविका_आर्णी

खूप उपयोगाचं. एक शंका. उन्हाळ्यात पाच महिन्यांच्या बाळाला पाणी देऊ नका म्हटलं की आजी चिडते, "घसा सुकून मरेल लेकरू" म्हणते. तिला काय सांगू?

निवृत्त_परिचारिका_वरुड

तिला म्हणा, आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच आहे. पाणी पाजलं की पोट भरतं, दूध कमी ओढलं जातं आणि दूध कमी ओढलं की तयारही कमी होतं. वर पाणी गढूळ असेल तर जुलाब. उन्हाळ्यात पाजण्याच्या वेळा वाढवायच्या आणि पाणी आईनं प्यायचं, पाजायला बसताना जवळ तांब्या ठेवून. पुरतंय की नाही ते लघवीवरून मोजा: दिवसरात्रीत सहा किंवा जास्त लंगोट ओले, पिवळा डाग नाही, तर पुरतंय. आई वावरात जाते तेव्हा दूध हातानं काढून उकळलेल्या झाकणाच्या वाटीत ठेवावं. साध्या खोलीत ते चार तास चालतं, पण आपल्या मे महिन्यातल्या उकाड्यात एवढा वेळ धरू नका. वाटी-चमच्यानं पाजायचं, बाटली नको. बाटलीचं निपल नीट धुतलंच जात नाही.

आशाताई_अचलपूर

ताई, दोन-तीन गोष्टी राहून गेल्या, त्या सांगून ठेवते.

एक, वॉकर. आपल्या बुढ्यायच्या काळचा पांगुळगाडा लाकडाचा, तीन चाकाचा. लेकरू त्याले धरून उभं राह्यते, ढकलते, पडते, पुन्हा उठते. भार सारा पायावर. बाजारातल्या पिलाष्टिकच्या वॉकरात लेकरू मंधात बसून राह्यते अन् पायाची बोटं टेकवून सरकते. टाच टेकत नाही, तोल सांभाळाची सवय लागत नाही, म्हून चालणं उलट उशिरा येते. वरून एका झटक्यात उंबऱ्याच्या खाली, नाहीतर चुलीपाशी. कॅनडात २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी हाय. इथं आज्यायचंच खरं हाय, सुनायले सांगा लागते. पांगुळगाडा कधी द्याचा? लेकरू आपल्या मनानं धरून उभं राहाले लागलं की मंग. चाक लय मोकळं फिरत असंन तर मंधात फडक्याची पट्टी गुंडाळा, गाडा हळू जाते.

दुसरं, शी-शू. आजी लेकराले दोन पायावर बसवून 'शूऽऽ' करते, थे बी चांगली सवय हाय. दूध पेल्यावर अन् झोपून उठल्यावर बसवलं तर बरेचदा काम होते. डायपर रातच्याले, प्रवासात ठीक. पण आपल्या उन्हात दिवसभर बांधून ठेवलं तर जांघा सोलून निघते. तीन-चार घंट्याच्या वर एक डायपर नोको, काढल्यावर अर्धा घंटा उघडं ठेवा.

तिसरं लय महत्त्वाचं. फवारणी. आज्यायनं लेकरं वाढवले तेव्हा घरात एवढे जहराचे डबे नव्हते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं कास्तकार-मजूर गेले हे साऱ्यायले माहीत हाय, पण घरातल्या लेकराचं कोणी बोलत नाही. औषधाचा डबा कुलूप लावलेल्या पेटीत, लेकराच्या हाताच्या वर. उरलेलं औषध पाण्याच्या नाहीतर सरबताच्या बाटलीत कधीच भरू नोका. रिकामा डबा भोक पाडून टाका, धुऊन पाणी भराले घेऊ नोका. फवारून आलेला बाप आंघोळ करून, कपडे बदलून मंगच लेकराले घेईन. त्याचे कपडे लंगोटाबरोबर भिजवू नोका. लेकरानं तोंडात घातलंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नोका, दूध नोको, तुपाचं बोट नोको. अंगावरचे कपडे काढा, पाण्यानं धुवा, डब्याचं लेबल सोबत घ्या अन् सरळ मोठ्या दवाखान्यात जा. लेबल पाहून डॉक्टरले समजते कोणतं औषध द्याचं.

अन् कूलर. पाणी भराच्या आधी पिन काढाची, नुसतं बटन बंद करून भागत नाही. कूलर ओल्या जागी, लेकरू उघड्या पायाचं, हात लोखंडाले. घरात ३० मिलीॲम्पिअरचं गळती तोडणारं ब्रेकर बसवून घ्या, अर्थिंग वायरमनकडून पाहून घ्या. उन्हाळ्यात आज्यायले झोप लागते, तेवढ्यात लेकरू कूलरपाशी जाते.

आरोग्यसेवक_धारणी

तुमच्याकडे नसेल, पण मेळघाटातल्या वाचकांसाठी लिहितो. पोट फुगलं म्हणून लोखंड तापवून पोटावर डंबा देण्याची जुनी पद्धत आहे. पोट फुगण्याची, उडण्याची कारणं म्हणजे निमोनिया, जंतुसंसर्ग, अपुरं दूध. डाग दिल्यानं त्यांतलं एकही जात नाही. वर जखमेतून जंतू शिरतात आणि दवाखान्यात पोचायचे दिवस वाया जातात. "डंबा देऊ नका" एवढंच सांगून थांबू नये. श्वास मोजायला शिकवावं. बाळ शांत असताना, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास जास्त आले तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

आणखी एक. दुकानातून परस्पर आणलेलं खोकल्याचं औषध लेकराला देऊ नका, झोप यावी म्हणून तर कधीच नाही. २०२५ मध्ये शेजारच्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन निघालं, मूत्रपिंडं निकामी होऊन लेकरं गेली. त्यांतली बरीच उपचाराला नागपुरात आणली होती.

गुरुजी_देवळी

मोबाईल आणि मार, या दोन गोष्टींवर लिहितो. दोन्हींचं मूळ एकच आहे: पूर्वी लेकराभोवती दहा हात होते. थोरली बहीण कडेवर घ्यायची, काकू भरवायची, आबाजी अंगणात बसून राखण करायचे. आता घरात एक-दोन लेकरं आणि एकटी आजी, तीही गुडघे धरून. तिच्या हातात मोबाईल आला कारण तिला धावता येत नाही. म्हणून आजीला दोष देण्याआधी तिचं काम हलकं करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत. दूरच्या आई-बाबांशी व्हिडिओवर बोलणं बहुतेक बालरोगतज्ज्ञ यात धरत नाहीत, कारण तिथं समोरचा माणूस उत्तर देतो. लेकरू भाषा शिकतं ते उत्तरातून. ते 'बा' म्हणतं, आजी 'बाबा आले का?' म्हणते, ते पुन्हा 'बा' म्हणतं. मोबाईल त्याच्या 'बा'ला उत्तर देत नाही. वर्षाच्या आसपास एखादा शब्द, दोन वर्षांपर्यंत 'आई दे', 'भू गेला' अशी दोन शब्दांची जोडणी यायला हवी. दीड वर्षाला एकही शब्द नाही, नावानं हाक मारल्यावर बघत नाही, बोट दाखवून मागत नाही, तर वाट न बघता तपासणी. "बाप पण उशिरा बोलला" म्हणून वर्ष काढू नका.

सोडवायचं कसं? एकदम हिसकावला तर दोन दिवस रडारड होते आणि तिसऱ्या दिवशी आजी हात टेकते. आधी फक्त जेवताना बंद. पहिले चार-पाच दिवस लेकरू कमी खाईल, कमी खाऊ द्या. भूक लागली की खातं. वाटी त्याच्या पुढ्यात ठेवा, सांडू द्या, खाली जुनं लुगडं अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांत ताट उचलायचं, मागे धावायचं नाही. जेवण सुटलं की मग झोपतानाचा मोबाईल. दिवसाचा सगळ्यांत शेवटी. आणि मोबाईल लेकराच्या नजरेआड ठेवायचा, तो समोर चार्जिंगला लावून 'नाही' म्हणणं ही शिक्षाच होते.

दिवसा हाताला काय द्यायचं? डब्यात डबा, झाकणं, फडक्याच्या गाठी, परातीत पाणी आणि पेला. पण परातीजवळ माणूस हवं. चिंचोके, शेंगदाणे, फुटाणे, तुरीचे दाणे चार वर्षांखालच्या हातात देऊ नका. दाणा श्वासनलिकेत जातो. अचानक ठसका, आवाज बंद, चेहरा निळसर झाला तर: वर्षाखालचं बाळ मांडीवर पालथं, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मधे तळहातानं पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापा. दिसत नसलेला दाणा बोटानं शोधू नका, आत ढकलला जातो. हे सभेत कापडी बाहुलीवर करून दाखवा.

माराबद्दल. 'मार दिला तर सुधरतं' असं वाटतं कारण लेकरू त्या क्षणी थांबतं. पण ते थांबतं भीतीनं. काय करायचं होतं हे त्याला कळत नाही, म्हणून उद्या पुन्हा तेच. शाळेत मारायला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहे, २०१० पासून. घरात कायदा दाखवायची गरज नाही, पद्धत दाखवा. दीड ते चार वर्षांत हट्ट येतोच, कारण इच्छा मोठी आणि शब्द कमी. खाली बसायचं, डोळे समोरासमोर, एकच वाक्य: "विळा नाही. हा चमचा घे." वस्तू बदलून द्यायची, विळा वर ठेवायचा. आरडाओरडा केला तर सुरक्षित जागी बसू द्या, जवळ राहा, बोलू नका; दोन-तीन मिनिटांत लाट ओसरते. त्या लाटेत मागितलेली वस्तू दिली की पुढच्या वेळी लाट मोठी येते. नियम थोडे ठेवा आणि आजी-आई-बाबा तिघांचे एक. आई नाही म्हणते आणि आजी पदराआड देते, यात लेकरू कोणाकडे रडायचं तेवढंच शिकतं.

भेवडावणं मारापेक्षा कमी वाईट नाही. "बागुलबुवा येईल", "डॉक्टर सुई टोचेल", "पोलीस नेईल". मग लसीच्या दिवशी लेकरू दवाखान्याच्या दारातच किंचाळतं, अंधारात जात नाही, आणि मोठं झाल्यावर कोणी वाईट हात लावला तर सांगायला घाबरतं. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओलं होणं नेहमीचं आहे. त्यावरून चारचौघांत लाजवू नका, झोपण्याआधी लघवीला न्या.

सेविका_आर्णी

सगळ्यांचे मनापासून आभार. सभेचा क्रम असा लावते: आधी मालिश आणि पांगुळगाडा, म्हणजे आज्यांचा मान. मग वरणाच्या दोन वाट्या, दंडाची पट्टी, बाहुलीवर ठसक्याचा उपाय. गुटी मधेच घेईन, पहिल्यांदा नाही. फवारणीच्या डब्यांसाठी घरातल्या पुरुषांनाही अर्धा तास बोलावते.

पर्यवेक्षिका_पुसद

क्रम चांगला आहे. एकच करा: अंगणवाडीतली वाटी खरंच २५० मिलीची आहे का ते आधी बघा. एक लिटरची बाटली भरून वाटीनं रिकामी करा. चार वाट्यांत संपली तर बरोबर. पाच-सहा लागल्या तर वाटी लहान आहे, मग अर्धी वाटी सांगताना पाऊण सांगा. प्रत्येक घरी जाऊन त्यांच्या वाटीवरही खिळ्यानं खूण करून द्या, म्हणजे आई वावरात असली तरी आजीला माप कळेल.